पायांवर चाललं, हनुवटीवर नाही: घरच्या आयपीएल मशीनबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 29, वर्ण गव्हाळ, केस काळे. घरी वापरायचं आयपीएल (इन्टेन्स पल्स्ड लाइट, म्हणजे प्रकाशाच्या फ्लॅशने केस कमी करणारं) मशीन घेऊन दोन महिने झाले. पायांवरचे केस बरेच विरळ झाले, काखेत थोडाफार फरक पडला, हनुवटीवर मात्र काहीच नाही, उलट दोन-चार केस जास्तच दिसायला लागलेत. आता याहून पॉवरफुल मशीन घ्यावं, क्लिनिकमध्ये जाऊन लेझर करावं, की हे सगळं जाहिरातीचं खूळ समजून सोडून द्यावं?

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. लेझर आणि आयपीएल दोन्ही रोज हाताळते, आणि घरी मशीन वापरून खूश झालेले, कंटाळलेले, भाजून घेतलेले असे सगळ्या प्रकारचे लोक माझ्यासमोर येऊन बसतात. मशीन चालतं की नाही, याचं उत्तर तुमच्या पायांनीच दिलंय: चालतं. हनुवटीची गोष्ट वेगळी आहे आणि तिचा मशीनच्या ताकदीशी फारसा संबंध नाही. दोन वेगळे प्रश्न तुम्ही एकत्र विचारलेत, म्हणून उत्तर सापडत नाहीये.

आधी मशीन काय करतं ते बघू, कारण बाकी सगळं त्यावरून आपोआप कळतं. केसात मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते प्रकाश शोषून घेतं, त्या प्रकाशाची उष्णता होते आणि ती केसाच्या मुळाला इजा करते. आजूबाजूच्या त्वचेला धक्का न लावता नेमक्या लक्ष्यालाच तापवायचं, हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या दोन अमेरिकन डॉक्टरांनी 1983 मध्ये मांडलं आणि आजची बहुतेक कॉस्मेटिक लेझर त्यावरच उभी आहेत. गोम एवढीच की प्रकाशाला केस ओळखता येत नाही, त्याला फक्त मेलॅनिन कळतं. आणि मेलॅनिन त्वचेतही असतं. उन्हात वाळत घातलेला काळा कपडा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो, तसंच. केस काळा आणि त्वचा उजळ असेल तर सगळी उष्णता केसाला मिळते. त्वचाही सावळी असेल तर ती वाटली जाते, केसाला कमी पोचते आणि त्वचा मात्र चटके खाते.

लेझरमध्ये एकाच तरंगलांबीचा प्रकाश असतो: अलेक्झांड्राइट लेझरमध्ये 755 नॅनोमीटर, डायोडमध्ये साधारण 810, एनडी-यागमध्ये 1064. आयपीएल हे लेझर नाही. त्यात झेनॉनचा दिवा असतो, कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा. साधारण 500 च्या पुढे ते 1200 नॅनोमीटरपर्यंतचा मिश्र प्रकाश त्यातून फिल्टर होऊन येतो. घरच्या आयपीएलची ऊर्जा दर चौरस सेंटिमीटरला साधारण 3 ते 6 ज्यूल असते. क्लिनिकमध्ये आम्ही 10 पासून 30-40 ज्यूलपर्यंत जातो, पण सोबत त्वचा थंड ठेवायची सोय असते, डोळ्यांवर शील्ड असतं आणि पहिल्या चार फ्लॅशनंतर त्वचा कशी लाल होतेय हे बघणारा माणूस असतो. घरी यातलं सहसा काही नसतं. त्यामुळे वापरणाऱ्याने चूक केली तरी सहसा भाजू नये इतकीच ताकद कंपनी ठेवते. ठेवायलाच हवी.

आता या कमी ताकदीत नेमकं काय होतं, ते जाहिरात सांगत नाही. केस पुन्हापुन्हा उगवायची क्षमता ज्या पेशींमध्ये असते त्या केसाच्या अगदी तळाशी नसतात, थोड्या वरच्या बाजूला असतात आणि त्यांच्यात रंगद्रव्य फारसं नसतं. म्हणजे त्या थेट तापत नाहीत. शेजारच्या काळ्या भागातून उष्णता झिरपत त्यांच्यापर्यंत जावी लागते. क्लिनिकच्या ऊर्जेत ती बऱ्याच मुळांमध्ये पोचते आणि ती मुळं कायमची निकामी होतात किंवा इतकी अशक्त होतात की त्यातून नुसती लव येते. घरच्या मशीनच्या ऊर्जेत बहुतेक मुळं मरत नाहीत. त्यांना झटका बसतो आणि ती मुदतीआधीच विश्रांतीच्या अवस्थेत जातात. केस गळून पडतो, मूळ काही आठवडे किंवा महिने झोपून राहतं आणि मग उठतं. काही मुळं पूर्वीसारखी उठतात, काहींतून बारीक, फिकट केस येतो. तुम्ही अधूनमधून फ्लॅश देत राहिलात तर ती पुन्हा झोपतात. सोडून दिलंत तर हळूहळू बराचसा माल परत येतो.

म्हणून मशीन घ्यायच्या आधी मी पेशंटला एकच विचारते: वर्षभरानंतरही महिन्यातून एकदा हे काढून बसायची तयारी आहे का? असेल तर पैसे वसूल. नसेल तर दुसऱ्या वर्षी ते मशीन कपाटात सापडतं.

‘कायमचं’ या दाव्याबद्दलही सांगते. क्लिनिकमधल्या लेझरलासुद्धा अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या संस्थेने) केस कायमचे ‘कमी’ करण्याचाच दावा करू दिलाय, सगळे केस घालवण्याचा नाही. कोर्स संपल्यावर 6, 9 आणि 12 महिन्यांनी मोजलं तरी केसांची संख्या कमीच राहिली पाहिजे, असा त्याचा निकष आहे. तेव्हा घरच्या डब्यावर काही लिहिलेलं असो, अपेक्षा याच्या खालीच ठेवा.

दोन महिने हा काळही फसवा असतो, दोन्ही बाजूंनी. केस वाढीच्या अवस्थेत असतो तेव्हाच तो मुळाशी नीट जोडलेला आणि रंगद्रव्याने भरलेला असतो. प्रकाश त्याच अवस्थेत काम करतो. डोक्यावरचे बहुतेक केस कधीही बघा, वाढतच असतात. पण पायांवर एका वेळी साधारण पाचवा हिस्साच वाढीत असतो. बाकीचे झोपलेले, त्यांना फ्लॅशचा पत्ताच लागत नाही. म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी मशीन फिरवायला सांगतात: दर वेळी नवी तुकडी तावडीत सापडते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गंमत होते. फ्लॅश दिलेल्या केसांचे खुंट वर सरकायला लागतात, वाढल्यासारखे वाटतात, आणि मग अंघोळीनंतर टॉवेल फिरवला की काळे ठिपके टॉवेललाच लागून येतात. पाय एकदम गुळगुळीत होतात. मग चौथ्या-पाचव्या आठवड्यात पुढची तुकडी उगवते आणि लोक म्हणतात, मशीन बंद पडलं वाटतं. बंद वगैरे काही पडलेलं नसतं. पायांचा निकाल तीन-चार महिन्यांआधी लावू नका. मोजायचंच असेल तर नडगीवर, एखाद्या तिळापासून थोड्या अंतरावर एक छोटा चौकोन ठरवा, त्यातले केस मोजा आणि फोटो ठेवा. तीन महिन्यांनी त्याच जागेचा, त्याच उजेडात पुन्हा फोटो घ्या. नुसत्या नजरेवर माझाही विश्वास नसतो.

तुमच्या पायांवर केस विरळ झालेत पण सारखे झालेत का, तेही बघा. घरी मशीन वापरणाऱ्यांच्या पायावर मला एक खास नक्षी दिसते: मशीनच्या खिडकीच्या (जिथून प्रकाश बाहेर येतो त्या काचेच्या) आकाराचे साफ चौकोन आणि मध्ये केसांच्या अरुंद पट्ट्या. हात भरभर सरकवला की असं होतं. ‘ग्लाइड’ मोडवर टीव्ही बघत मशीन फिरवणाऱ्यांमध्ये हमखास. त्यापेक्षा एकेक ठसा उठवत जा, आधीच्या ठशावर थोडासा चढवून. नडगीच्या हाडावर, घोट्यापाशी आणि गुडघ्यावर खिडकी पूर्ण टेकत नाही, बाजूने प्रकाश निसटतो. तिथे गुडघा वाकवून त्वचा ताणून धरा किंवा मशीनला छोटं डोकं लावा. पांढऱ्या आयब्रो पेन्सिलने चौकटी आखून घेतल्या तर चुकत नाही. काळ्या पेनाने आखू नका, प्रकाश ती शाई शोषेल आणि रेघ भाजेल.

फ्लॅशच्या आधी रेझर फिरवायचा, त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी. वर केस राहिला तर तो त्वचेच्या बाहेरच जळतो, वास येतो, चटका बसतो आणि ऊर्जा वाया जाते. पण वॅक्सिंग, एपिलेटर, थ्रेडिंग, चिमटा हे सगळं बंद. त्यात केस मुळासकट निघतो, मग प्रकाशाला तापवायला आत काहीच उरत नाही. हा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि हनुवटीवर हमखास मोडला जातो. तिथे आलेला एखादा केस दिसला की हात आपोआप चिमट्याकडे जातो. तुमचाही जात असणार, असा माझा अंदाज आहे.

लेव्हल किती ठेवायची? तुमच्या त्वचेला मशीनच्या तक्त्यात जी चालते त्यातली, सहन होईल ती सर्वांत वरची. कोमट, रबर बँड हलका लागल्यासारखा चटका चालेल. मिनिटभर टिकणारी आग चालणार नाही. सगळ्यात खालच्या लेव्हलवर भीत-भीत वापरणाऱ्यांना भाजत नाही, पण उपयोगही होत नाही. बधिर करणारं क्रीम लावून लेव्हल वाढवणं मात्र सरळ मूर्खपणा आहे, कारण दुखणं हीच तुमच्याकडची एकमेव धोक्याची सूचना आहे. नव्या जागेवर आधी एक-दोन फ्लॅश देऊन किमान 24 तास थांबा, गडद त्वचेला 48 बरे.

गव्हाळ वर्णाबद्दल. त्वचेचे रंग आम्ही फिट्झपॅट्रिकच्या 1 (सर्वांत गोरी) ते 6 (सर्वांत गडद) अशा प्रकारांत मोजतो. गव्हाळ त्वचा साधारण चौथ्यात येते, थोडी सावळी असेल तर पाचव्याकडे झुकते. बहुतेक घरगुती मशीन चौथ्यापर्यंत चालतात, काही पाचव्यापर्यंत, सहाव्यावर एकही वापरू नये. मशीनमधला सेन्सर गडद त्वचा दिसली की ऊर्जा कमी करतो किंवा फ्लॅशच देत नाही. म्हणजे तुमच्या वर्णाला मशीन चालतं, पण गोऱ्या त्वचेपेक्षा खालच्या लेव्हलवर, आणि म्हणून जास्त वेळ घेऊन. जाहिरातीत जे ‘इतक्या आठवड्यांत’ लिहितात ते अनुकूल त्वचा आणि अनुकूल केस धरून असतं. आणखी एक: तुमचा वर्ण वर्षभर एकसारखा नसतो. उन्हात फिरून आलेल्या नडगीचा रंग मांडीच्या आतल्या बाजूपेक्षा दोन छटा गडद असू शकतो. टॅन झाल्यावर दोन ते चार आठवडे मशीन बाजूला, आणि चालू असताना उघड्या भागावर किमान एसपीएफ 30 चं सनस्क्रीन. माझ्याकडे येणाऱ्या भाजण्याच्या केसेस बहुतेक याच असतात: सुट्टीवरून आल्यावर जुनीच लेव्हल लावली आणि पायावर नीट रांगेत तपकिरी चौकोन उठले. हे डाग बहुधा जातात, पण गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर जायला कित्येक महिने घेतात. असं झालंच तर लगेच गार पाण्याने थंड करा, फोड आला तर फोडू नका, आणि डाग पूर्ण जाईपर्यंत तिथे मशीन नाही.

काखेत फरक कमी का? खरं तर काखेतला केस जाड आणि काळा, त्यामुळे तिथे निकाल चांगला मिळायला हवा. पण काखेची त्वचा घर्षणाने, वॅक्सिंगने अनेकींची काळवंडलेली असते. सेन्सर ती बघून ऊर्जा उतरवतो. शिवाय काख खोलगट, खिडकी टेकत नाही. हात डोक्यामागे घेऊन त्वचा सपाट करा आणि तीन-चार वेगवेगळ्या दिशांनी मशीन टेकवा. काळेपणा जाड, मखमली पोताचा असेल, मानेवरही असेल, तर तो घर्षणाचा नाही, इन्सुलिनशी संबंधित असू शकतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढे हनुवटीशी त्याचा संबंध येतोय.

बाकी भागांचं पटकन. हातांवरची बारीक लव मशीनला जुमानत नाही. बिकिनी लाइन बाहेरच्या कडेने चालते, आतल्या गडद आणि नाजूक त्वचेवर नको. पांढरा, करडा, सोनेरी, लालसर केस असेल तर कुठलंच आयपीएल किंवा लेझर घेऊ नका, लक्ष्यच नाही. पुरुषांनी दाढीवर घरचं मशीन वापरू नये. तिथे केस इतके दाट आणि जाड असतात की उष्णता साठून भाजतं. टॅटूवर आणि तिळांवर फ्लॅश नाही. भुवयांजवळ आणि डोळ्यांच्या आसपास तर कधीच नाही: बुबुळातही रंगद्रव्य असतं आणि पापणी मिटलेली असली तरी प्रकाश आत जातो. गरोदर असाल, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइन किंवा डॉक्सिसायक्लिन चालू असेल, ल्युपस हा आजार असेल किंवा लखलखाटाने फिट येत असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, तोवर हात लावू नका.

आता हनुवटी. पायांवरचा केस आणि बाईच्या हनुवटीवरचा जाड केस हे दोन वेगळे प्राणी आहेत. हनुवटी, जबड्याची कडा, ओठांच्या वरचे कोपरे इथल्या मुळांवर पुरुषी हार्मोन्सचा, म्हणजे अँड्रोजेन्सचा अंमल चालतो. ते वाढले किंवा मुळं त्यांना जास्त दाद द्यायला लागली की आजची लव उद्या जाड, काळा केस होते. तुम्ही आहेत ते केस झोपवता, तेवढ्यात शेजारच्या लवेतून नवे तयार होतात. नुसता प्रकाश कितीही पॉवरफुल असला तरी या शर्यतीत मागेच पडतो.

याहून महत्त्वाचं म्हणजे तुम्ही लिहिलेलं ते वाक्य, की ‘दोन-चार केस जास्तच दिसतात’. हा भास नसू शकतो. लेझर किंवा आयपीएलनंतर केस कमी होण्याऐवजी वाढणं हा माहितीतला दुष्परिणाम आहे. तो जास्त करून चेहरा आणि मान इथे, मध्यम ते सावळ्या त्वचेच्या आणि हार्मोन्सची गडबड असलेल्या स्त्रियांमध्ये दिसतो. मूळ मारण्याइतकी नाही पण चेतवण्याइतकी ऊर्जा मिळते, हे त्याचं एक कारण मानलं जातं, आणि घरचं मशीन नेमकं त्याच पट्ट्यात बसतं. सगळ्यांना हे होत नाही. पण गव्हाळ वर्ण, हनुवटीवर जाड केस आणि वाढल्याची शंका हे तिन्ही तुमच्याकडे आहेत. माझ्यासमोर असतात तर हनुवटीवर मशीन आजपासून बंद करायला सांगितलं असतं. आणि याहून ताकदीचं घरगुती मशीन? नको. घरच्या मशीनांमधला फरक खिडकीचा आकार, फ्लॅशचा वेग आणि सेन्सरची अक्कल यांत असतो. ताकदीत तो डब्यावर दिसतो तेवढा नसतो. डब्यावर छापलेले लाखो फ्लॅश तर तुमच्या हयातीत संपणार नाहीत.

त्याऐवजी स्वतःला काही गोष्टी विचारा. पाळी नियमित येते का, की 35 दिवसांच्या पुढे जाते? जबड्यावर हट्टी मुरूम, डोक्यावर भांगाशी विरळपणा, अलीकडे वाढलेलं वजन, मघाशी म्हटलेला मखमली काळेपणा? यातलं काही असेल तर पीसीओएसची (हार्मोन्स आणि बीजकोशांशी संबंधित विकाराची) शक्यता बघायला हवी. टेस्टोस्टेरॉन आणि डीएचईए-एस (हे दोन्ही अँड्रोजेन्स), थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी, असं साधारण डॉक्टर सांगतील. तपासण्या नॉर्मल आल्या तरी चालेल. काही जणींमध्ये हार्मोन्स ठीक असतात आणि मुळंच संवेदनशील असतात, घराण्यात चालत आलेली. पण केस काही महिन्यांत झपाट्याने वाढले असतील, आवाज जाड झाला असेल किंवा पाळी अचानक बंद झाली असेल तर थांबू नका, लगेच दाखवा.

हार्मोन्सची बाजू निघाली तर गोळ्या असतात: संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या, स्पायरोनोलॅक्टोन वगैरे. कोणती हे तुमच्या प्रकृतीवर आणि मूल हवंय का यावर ठरतं. गरोदर राहायचा विचार असेल तर स्पायरोनोलॅक्टोन चालत नाही. केसांवर परिणाम दिसायला सहा महिने धरा, कारण आधीच्या केसांना आपलं चक्र पूर्ण करावं लागतं. सोबत क्लिनिकमध्ये लेझर घ्यायचं झालं तर तुमच्या वर्णाला डायोड किंवा एनडी-याग. एनडी-यागची लांब तरंगलांबी वरच्या त्वचेतल्या मेलॅनिनमध्ये कमी अडकते, म्हणून सावळ्या रंगाला ते सर्वांत सुरक्षित. ‘आमच्याकडे सगळ्यांना एकच मशीन’ असं ऐकलंत तर उठून या.

आणि हनुवटीवर मोजून दहा-बाराच केस असतील तर लेझरचाही घाट घालू नका. इलेक्ट्रॉलिसिस करा. एकेका मुळात बारीक सुई घालून विजेने ते नष्ट करायचं, ही पद्धत 1875 मध्ये चार्ल्स मिशेल या डोळ्यांच्या डॉक्टरने पापण्यांच्या आत वळलेल्या केसांसाठी सुरू केली. तिला केसाचा किंवा त्वचेचा रंग लागत नाही, आणि मूळ नीट नष्ट झालं की त्यातून केस पुन्हा येत नाही. वेळखाऊ आणि थोडी दुखरी आहे, म्हणून पायांसाठी कुणी सुचवत नाही. दहा-बारा केसांसाठी मात्र हीच. तारीख मिळेपर्यंत चिमटा ड्रॉवरमध्ये ठेवा आणि चेहऱ्याचा छोटा रेझर वापरा. त्याने केस जाड होत नाहीत; कापलेलं टोक बोथट असतं म्हणून खरखरीत लागतं, इतकंच. इलेक्ट्रॉलिसिसच्या आधी दोन-तीन दिवस तोही थांबवा, म्हणजे करणाऱ्याला केस चिमटीत पकडता येईल.